घरसामान परदेशी पाठवताना विमा कसा उतरवावा

‘सामानाची जबाबदारी आमची’ असं वाहतूक कंपनी म्हणाली, की ती जबाबदारी किती, हे आधी विचारा. विमानाने जाणाऱ्या मालाला माँट्रिअल करारानुसार किलोमागे 26 एसडीआरची मर्यादा आहे (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). म्हणजे दोन किलोच्या खोक्यातला कॅमेरा फुटला, तर तो कितीही महाग असो, मिळणार जास्तीत जास्त 52 एसडीआर. समुद्रमार्गे पाठवलं तरी मर्यादा असतेच. म्हणून विमा वेगळा घ्यायचा.

सुरुवात यादीपासून करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण क्लेमचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. ‘स्वयंपाकघराचं सामान, 4 खोकी’ असं मोघम लिहू नका. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, आतली वस्तू, मॉडेल, किंमत लिहा आणि बांधण्याआधी फोटो काढा. पावत्या असतील तर त्याही जोडा.

किंमत धरताना ती वस्तू पोहोचण्याच्या ठिकाणी नवी घ्यायला किती लागेल हे पाहा. मात्र जुन्या वस्तूची भरपाई घसारा वजा करून मिळते की पूर्ण, हे पॉलिसीत वाचा. हप्ता वाचवायला रक्कम कमी दाखवण्याचा मोह होतो. सामानाच्या निम्म्याच किमतीचा विमा असेल, तर एकच कपाट मोडलं तरी अनेक पॉलिसी त्याचे निम्मेच पैसे देतात.

मग संरक्षणाचा प्रकार. सागरी विम्यात ए, बी आणि सी अशी प्रमाण कलमं आहेत. ए सर्वांत व्यापक. सीमध्ये आग, जहाज बुडणं असे मोठे अपघात येतात, चोरी येत नाही. तिन्हींत ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ येतं, आणि ते हवंच. जहाज वाचवण्याचा खर्च त्यात सगळ्या मालधन्यांवर वाटला जातो. मार्च 2021मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज अडकलं, तेव्हा ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांनाही या खर्चातल्या वाट्याची हमी दिल्याशिवाय माल मिळणार नव्हता.

न मिळणाऱ्या गोष्टीही पाहून ठेवा. अपुरं पॅकिंग, उशीर, आपोआप बिघडणं यांची भरपाई ए कलमांतही नाही. स्वतः बांधलेल्या खोक्यातली मोडतोड बऱ्याच कंपन्या वगळतात, त्यामुळे नाजूक वस्तू तरी पॅकर्सकडूनच बांधून घ्या. रोकड, दागिने, कागदपत्रं सोबत न्या.

सामान आलं की खोकी मोजा. चेपलेलं, ओलं, उघडलेलं दिसलं तर पोचपावतीवर तसा शेरा लिहूनच सही करा. नुकसान नंतर लक्षात आलं, तर विमान कंपनीला 14 दिवसांत लेखी कळवावं लागतं. जहाजाच्या मालाला सहसा 3च दिवस मिळतात. विमा कंपनीला मात्र त्याच दिवशी कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुटक्या काचाही कचऱ्यात टाकू नका.