डीपीएफचा प्रेशर सेन्सर खरंच गेलाय का, ते आधी बघा

पावसाळ्यात तुर्भ्याला माझ्याकडे येणाऱ्या टेम्पोवाल्यांचं ठरलेलं वाक्य असतं: "चेक लाइट लागलीय, पिकअप नाही, एक्झॉस्टचा प्रेशर सेन्सर गेलाय म्हणतात, नवीन टाकून द्या." टाकतो की, पण आधी मीटर लावू द्या. बऱ्याचदा सेन्सर धडधाकट असतो आणि भानगड पाइपात नाहीतर कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, निघते.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसला. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन बारीक पाइप निघतात, ते या सेन्सरला जोडलेले. दोन्हीकडच्या दाबातला फरक बघून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, काजळी किती साठली, कधी जाळायची ते ठरवतो. काही गाड्यांत एकाच पाइपचा, नुसता एक्झॉस्टचा दाब मोजणारा सेन्सर असतो.

स्कॅनरवर, म्हणजे ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी २४५२ ते पी २४५५ दिसले तर विषय दोन पाइपवाल्याचा, पी ०४७० ते पी ०४७४ दिसले तर एक पाइपवाल्याचा. पी २४५४ म्हणजे सिग्नल फार खाली, पी २४५५ म्हणजे फार वर. कशामुळे, ते कोड सांगत नाही. ते आपणच शोधायचं.

गाडी पूर्ण थंड होऊ द्या. काजळी जळताना डीपीएफ सहाशे अंशांच्या आसपास तापतो, तिथे घाई केली तर हात गेलाच. मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, उघडा. इंजिन बंद म्हणजे दोन्हीकडे दाब सारखा, त्यामुळे फरक शून्य दिसला पाहिजे. एक पाइपवाला बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: आपल्याकडे, समुद्रसपाटीला, १०० किलोपास्कलच्या आसपास. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या आकड्याशी ताडून बघा, दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. हीच गाडी पुण्यात ९५ दाखवेल, तिथे उंचीच तेवढी आहे.

शून्य येत नसेल तर दोन्ही पाइप सेन्सरपासून काढा आणि परत बघा. आता शून्यावर आला? मग पाइप तुंबलाय. तरीही आकडा तसाच? मग वायरिंग किंवा सेन्सर.

पाइपाकडे नीट वेळ द्या. रबर वळणावर दाबून बघा, बारीक चीर तिथेच असते. लोखंडी नळीच्या तोंडाशी ओली काजळी घोटलेल्या काजळासारखी घट्ट बसलेली सापडते. बारीक तारेने मोकळी करा, मग हवा मारा. हवा मारताना पाइप सेन्सरला जोडलेला असता कामा नये, कॉम्प्रेसरच्या दाबाने आतला पडदा फाटतो. पाइप मध्येच लोंबत असेल तर त्यात पाणी साचतं, म्हणून उतार ठेवून बांधा. आणि आधीच्याने पाइप उलटसुलट लावले असतील तर रेस दिल्यावर आकडा उणे जातो. हेही बघितलंय!

आता कपलर. पाण्यातून गाडी काढलेली असेल तर पिना हिरव्या पडलेल्या दिसतील. सहसा तीन वायरी असतात: पाच व्होल्ट, अर्थ, सिग्नल. मीटरचं जाड टोक पिनेत कोंबू नका, पिन पसरते आणि नवाच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. पाच व्होल्ट येत नसतील तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढा, कधीकधी दुसराच शॉर्ट असतो. अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग साफ करा. सिग्नल, पाइप मोकळे असताना, बहुतेक दोन पाइपवाल्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो.

सगळं ठीक असेल तर हँडपंपाने डीपीएफच्या आधीच्या बाजूच्या तोंडाला हळूहळू दाब द्या. आकडा सरळ चढला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा हललाच नाही, तर मात्र सेन्सर गेला. पैसे घालायचे ते इथे.

शेवटी गाडी चालू करा. आयडलला, म्हणजे रेस न देता, फरक अगदी कमी, रेस दिली की वाढतो, सोडली की लगेच उतरतो. आयडललाच भरपूर असेल तर डीपीएफ खरोखर तुंबलाय. एपीएमसी मार्केटच्या रांगेत तासन्‌तास चालू ठेवलेल्या गाड्यांचं हेच होतं, एक्झॉस्ट तापतच नाही तर काजळी जळणार कशी? पाइप साफ असूनही रेसला आकडा शून्यावरच चिकटला तर डीपीएफच्या आत बघा, कुणीतरी जाळी फोडून काढलेली असू शकते.

नवीन सेन्सर टाकलात तर पार्ट नंबर जुळवा आणि कंपनीने सांगितलं असेल तर स्कॅनरने शून्य शिकवून घ्या. कोड खोडा आणि कळंबोलीहून एक्स्प्रेस वे धरून खालापूरपर्यंत गाडी तापवून आणा. परत तोच कोड आला तर इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवत लाइव्ह डेटा बघा. जिथे आकडा उडेल तिथेच वायर घासलेली असते.