विशेष मुलासोबत फिरायला निघताना या चुका टाळा

रविवारी दुपारी राणीच्या बागेत जायचे ठरवणे, ही मुंबईतील अनेक कुटुंबांची पहिली चूक. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला प्राणी आवडतातही. पण तिकिटाची रांग, शिट्ट्या आणि पेंग्विन कक्षाच्या बंदिस्त जागेत घुमणारा कोलाहल यांनीच ते आधी थकून जाते. बाग बुधवारी बंद असते. शनिवार-रविवारही वगळून एखाद्या सकाळी, फाटक उघडताच गेल्यास निम्मी अडचण दूर होते.

मुलाला ऐनवेळी सांगून आश्चर्याचा धक्का देऊ नये. आदल्या दिवशी मोबाईलवर फोटो क्रमाने दाखवावेत: स्टेशन, गाडी, फाटक, खाऊ आणि शेवटी आपल्या घराचे दार. हा शेवटचा फोटो पालक हमखास विसरतात. परंतु हे सारे कधी संपणार, हे न कळल्यानेच कित्येक मुले अस्वस्थ होतात.

मूल कानांवर हात ठेवून रस्त्यातच बसले, की ‘हट्टीपणा करतो’ असे आजूबाजूचे लोक म्हणतात आणि कधीकधी पालकांनाही तेच वाटते. आवाज, उजेड आणि धक्काबुक्की एकाच वेळी असह्य झाल्यावर दटावणे किंवा चॉकलेटचे आमिष दाखवणे, दोन्ही निरुपयोगी ठरते, कारण त्या क्षणी बोलणे हाही मुलासाठी आणखी एक आवाजच असतो. त्याला शांत कडेला न्यावे, पाणी द्यावे, कानांवर हेडफोन लावावेत आणि गप्प बसावे. ते सावरल्यावर उरलेली बाग पाहण्याचा आग्रह धरू नये. तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या नादात पुढच्या वेळी मूल घराबाहेरच पडायला तयार होत नाही.

सहलीची थेरपी करणे हीही एक चूकच. जुहू चौपाटीवर मुलाला बोटांतून वाळू गाळत तासभर बसायचे असेल, तर ‘समुद्राचा रंग कोणता?’ असे प्रश्न कशाला विचारायचे?

दादा किंवा ताईला प्रत्येक वेळी राखणदार करू नये. अधूनमधून एका पालकाने केवळ त्यांच्यासोबत जावे.

लोकांच्या नजरा टाळण्यासाठी घरीच थांबणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली असून या कायद्यात करमणुकीच्या हक्काचाही समावेश आहे.

निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतील एक फोटो काढावा आणि खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. हात सोडून पळणाऱ्या, बोलता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे अजिबात चुकवू नये.