ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी ओढताय? या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर पोपडे खरवडायचे, पुट्टी ओढायची, रंगाचे दोन हात मारायचे आणि पुढच्या जूनमध्ये तिथेच पुन्हा पोपडे. कोकण-मुंबईकडच्या घरांतली ही नेहमीची रड. पाणी बाहेरून येत असेल तर आतून लावलेलं कोटिंग फार टिकत नाही. मागून ओल रेटते, थर फुगतो आणि सुटतो. पीओपी तर ओलीत मऊच पडतं.

आधी पाणी कुठलं ते शोधा. भर पावसात डागाची कड पेन्सिलने आखून तारीख टाका. उघडीप मिळाल्यावर डाग आक्रसला तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. उन्हाळ्यातही हलत नसेल तर नळ किंवा नहाणी. पाण्याचं मीटर मध्ये टाकी न येता थेट नळांवर असेल तर सगळे नळ बंद करून तासभर बघा. काटा फिरला की पाइप गळतोय. नाही फिरला तर नहाणी ट्रॅपमध्ये (सांडपाण्याच्या भोकात) कापड कोंबा, दोन इंच पाणी २४ तास तुंबवा आणि पलीकडची भिंत पाहा.

ओल जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंतच असेल आणि वर पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) असेल तर ती जोत्यातून चढतेय. तिथे टाइल्स लावू नका, ओल टाइल्सच्या वर डोकं काढते. अंगणातल्या भरावात जोतं बुडालंय का बघा. माती जोत्याच्या माथ्यापासून सहा इंच खाली उतरवा. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा गिलाव्यात.

बाहेरून पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या: बीम आणि विटकामाच्या सांध्यातली आडवी चीर, खिडकीची सिल (खालची पट्टी), एसीच्या पाइपचं भोक. चिरेवर वरवर सिमेंट फासणं ही हमखास चूक. ऊन-पावसात भिंत हलते, चीर परत उघडते. चीर व्ही आकारात ५ ते १० मिमी खोल खोदा, धूळ काढा, अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा. बीमच्या सांध्यावर मात्र दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गिलावा काढून जाळी ठोकावीच लागते. सिलचा उतार बाहेर हवा, एसीच्या भोकाचाही. (आत उतार असलेली भोकं पैशाला पासरी सापडतील.)

गिलावा ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढा विटांपर्यंत काढा. नवा माल सिमेंट-रेती १:४ चा, सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव, दोन थरांत मिळून २० मिमी, सात दिवस पाणी. न धुतलेली खाडीची रेती नको. मिठामुळे लोणा फुटतो. बाहेरचा रंग २८ दिवसांनी. म्हणजे काम मार्चमध्येच धरा.

आतल्या भिंतीवरची पेन्सिलची रेघ मात्र पुसू नका. पुढच्या पावसाळ्यात डाग उमटला नाही, की मग आतल्या रंगासाठी रंगाऱ्याला बोलवा.