गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह आपोआप जुळते ठेवायचे, तर आधी दिशा ठरवा

बाग देवगडला, तिचा हिशेब गूगल ड्राइव्हवर. बिलं बघणारा चुलतभाऊ ठाण्याला, त्याचं सगळं वनड्राइव्हवर. एप्रिल-मेमध्ये पेट्यांच्या पावत्या आणि मालाचे फोटो व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे फिरतात आणि जूनमध्ये हिशेबाला बसलं की निम्म्या पावत्या सापडत नाहीत. असं घर किनाऱ्यावर शोधावं लागत नाही.

यावर हमखास मिळणारा सल्ला असा: दोन्ही ॲप लॅपटॉपवर टाका आणि दोघांनाही एकच फोल्डर दाखवा. हे करू नका. दोन्ही ॲप एकाच फाइलवर एकदमच हात टाकतात, आणि एका पावतीच्या वेगवेगळ्या नावांच्या तीन प्रती तयार होतात. दुसरा सल्ला म्हणजे दोन खाती जोडून देणाऱ्या वेबसेवा. त्या चालतात, तुमचा लॅपटॉप बंद असतानाही चालतात. पण मग दोन्ही खात्यांची किल्ली तिसऱ्याच्या हातात जाते. होमस्टेच्या पाहुण्यांची आधार कार्डं ज्या फोल्डरात आहेत, त्याची किल्ली मी कुणालाही देणार नाही.

मी आरक्लोन वापरतो. एका खात्यातल्या फाइली दुसऱ्या खात्यात नेणारा हा प्रोग्रॅम आपल्याच लॅपटॉपवर चालतो. फुकट आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात, एवढ्यानेच लोक बिचकतात. (इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच करायच्या.)

आधी फोल्डर निवडा. गूगलची फुकट जागा 15 जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसकट; वनड्राइव्हची फुकट जागा 5 जीबी. अख्खं ड्राइव्ह तिकडे मावणार नाही, आणि मावलं तरी तसं करायची गरज नाही. हिशेबाचा एक फोल्डर पुरे.

मग ‘आरक्लोन कॉन्फिग’ चालवून दोन्ही खाती जोडा. बहुतेक प्रश्नांना नुसतं एंटर. गूगलसाठी स्वतःचा क्लायंट आयडी (गूगलकडे आपल्या नावाने नोंदवलेल्या ॲपची ओळख) काढलात तर वेग चांगला मिळतो, पण ते नोंदवलेलं ॲप ‘टेस्टिंग’ अवस्थेत ठेवू नका. ठेवलंत तर परवानगी दर 7 दिवसांनी संपते आणि ‘आपोआप’ला काही अर्थ राहत नाही.

आता खरा टप्पा. मलाही तो नीट कळायला वेळ लागला.

आरक्लोनमध्ये ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘कॉपी’ नवीन आणि बदललेल्या फाइली पलीकडे नेते, काही पुसत नाही. ‘सिंक’ पलीकडची बाजू अलीकडच्यासारखी हुबेहूब करते. म्हणजे अलीकडे जे नाही, ते पलीकडून पुसून टाकते. आज्ञेत पहिलं नाव मुळाचं, दुसरं प्रतीचं. नावं उलटी पडली, की ठाण्याच्या अर्धवट फोल्डरासारखा देवगडचा भरलेला फोल्डर होतो. आज्ञा काही विचारत नाही, चूपचाप काम करते.

म्हणून कीबोर्डला हात लावण्याआधी घरात एक गोष्ट ठरवा: मूळ बाजू कोणती? पावत्या जिथे पहिल्यांदा चढतात, ती मूळ. दुसऱ्या बाजूला फक्त बघायचं, तिथे कुणी काही बदलायचं नाही. भाऊ कितीही म्हणाला की मी तिथल्या तिथे दुरुस्त करतो, तरी नाही. त्याने फोन करावा, मूळ बाजूला दुरुस्ती होईल. गूगल शीट असेल तर हे दुप्पट लागू, कारण पलीकडे जाते ती तिची एक्सेलमधली प्रत. तिच्यात काहीही खाडाखोड केली तरी मूळ शीटला पत्ता लागत नाही, आणि पुढच्या फेरीत ती खाडाखोड पुसली जाऊ शकते.

पहिले काही दिवस नुसती ‘कॉपी’ चालवा. ‘सिंक’वर जाल तेव्हा प्रत्येक नव्या आज्ञेला आधी ‘--ड्राय-रन’ लावा. काय होणार ते नुसतं दिसतं, होत काही नाही. त्यात ‘डिलीट’च्या ओळी शोधा. अनपेक्षित एक जरी दिसली, तरी तिथेच थांबा.

मग कायमचे दोन कुंपण घाला. ‘--मॅक्स-डिलीट 10’: दहापेक्षा जास्त फाइली पुसायची वेळ आली तर काम थांबतं. आणि ‘--बॅकअप-डिर’: पुसलेल्या किंवा बदललेल्या फाइलींची जुनी प्रत वेगळ्या फोल्डरात जाते. हा फोल्डर प्रतीच्याच खात्यात, पण जुळणाऱ्या फोल्डराच्या बाहेर हवा. तो 5 जीबीतच जागा खातो, अधूनमधून रिकामा करा. या दोन्हींशिवाय ‘सिंक’ वेळापत्रकावर टाकणाऱ्याला मी मदत करत नाही.

“पण आम्हाला दोन्ही बाजूंनी बदल करायचे आहेत.” त्यासाठी ‘बायसिंक’ आहे. पहिल्या वेळी तिला ‘--रीसिंक’ द्यावं लागतं, आणि पुढे मध्येच काम तुटलं की ती पुन्हा तेच मागत अडून बसते. ‘रीसिंक’ केलं की एका बाजूला पुसलेल्या फाइली दुसऱ्या बाजूने परत येतात. आपल्याकडे जूनच्या पहिल्या जोरदार सरीला लाईट जाते. 3 जून 2020च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे तर कित्येक दिवस ती आलीच नव्हती. अशा ठिकाणी एकतर्फी ‘सिंक’ला काही होत नाही: लाईट आली, पुन्हा चालवलं, झालेल्या फाइली सोडून उरलेल्या जातात. ‘बायसिंक’ला नव्या आवृत्तीत तुटलेल्या कामातून सावरायला ‘--रेझिलियंट’ आणि ‘--रिकव्हर’ आहेत, तरी मी ती किनाऱ्यावरच्या घरात बसवत नाही.

ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवायचं वेळापत्रक: विंडोजमध्ये टास्क शेड्युलर, लिनक्समध्ये क्रॉन. शेड्युलरमध्ये ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा’ ही खूण करायला विसरू नका.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: फाइल एका ढगातून (क्लाउडमधून) थेट दुसऱ्या ढगात उडी मारत नाही. ती तुमच्या लॅपटॉपवर उतरते आणि तिथून चढते, म्हणजे डेटा दोनदा जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ‘--बीडब्ल्यूलिमिट 1एम’ लावा. हा आकडा बाइटचा आहे, बिटचा नाही, म्हणजे साधारण 8 एमबीपीएस.

फाइलीच्या नावात ‘पेटी 24/4’ असं असेल तर पलीकडे ती तिरपी रेघ जरा रुंद दिसेल. वनड्राइव्ह ती स्वीकारत नाही, म्हणून आरक्लोन तिच्यासारखं दिसणारं दुसरं चिन्ह घालतं. घाबरू नका.

सगळं नीट गेलं का, हे ‘आरक्लोन चेक’ सांगतं, पण गूगल आणि वनड्राइव्ह फाइलीचा ठसा (आतल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) वेगवेगळ्या पद्धतीने काढतात, त्यामुळे साध्या ‘चेक’मध्ये फक्त आकार जुळवला जातो. खात्रीच हवी तर ‘--डाउनलोड’ लावा, वेळ लागेल. हंगाम संपल्यावर एकदा केलं तरी पुरे.

पावसाळ्यात होमस्टे बंद करून लॅपटॉप कपाटात ठेवणाऱ्यांनी एवढं करावं: वनड्राइव्हची परवानगी 90 दिवस वापरली नाही तर संपते. ऑगस्टमध्ये एकदा लॅपटॉप चालू करून फेरी मारून घ्या. राहून गेलंच तर ‘आरक्लोन कॉन्फिग रीकनेक्ट’ आणि त्यापुढे वनड्राइव्हला दिलेलं नाव, शेवटी विसर्गासारखे दोन टिंब.