एसी आणि ईव्हीची रेंज: या चुका टाळा

एसीचं बटण दाबल्याबरोबर स्क्रीनवरची रेंज २१० किलोमीटरवरून १८०वर उतरते. ते पाहून अनेक जण एसी बंद करतात आणि पुढचा सगळा हायवे काचा खाली करून, घामाघूम होत कापतात. इतकं सोसून वाचतं फार थोडं.

मुळात तो आकडा म्हणजे बॅटरीत उरलेली वीज नव्हे. गाडी शिल्लक युनिटना अलीकडच्या किलोमीटरमागच्या खर्चाने भागते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये त्या क्षणी एसी किती वीज ओढतोय तेही धरते. उन्हात तापलेल्या गाडीत पहिली काही मिनिटं एसी ३ ते ४ किलोवॉट खेचतो, केबिन गार झाली की साधारण १ किलोवॉटवर येतो. सुरुवातीची ओढ पुढेही तशीच राहील असं गृहीत धरलं की आकडा धाडकन पडतो, आणि १०-१५ मिनिटांत थोडा सावरतो. म्हणून नजर टक्क्यांवर ठेवा. बॅटरी ३० युनिटची असेल तर १ टक्का म्हणजे ०.३ युनिट, हा हिशोब फसवत नाही.

एसीचा खर्च किलोमीटरमागे धरणं

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. ईव्हीत त्याला स्वतःची मोटर असते आणि ती मोठ्या बॅटरीवर चालते, गाडी धावो वा सिग्नलला उभी असो. म्हणजे गार केबिनला तासाला साधारण १ युनिट लागणारच. त्या तासात तुम्ही किती अंतर कापलं यावर रेंजचं नुकसान ठरतं.

पुण्यात संध्याकाळच्या कोंडीत सरासरी वेग २० धरा. गाडी ओढायला किलोमीटरला सुमारे ११० वॉट-तास (१००० वॉट-तास म्हणजे १ युनिट) लागतात, त्यावर एसीचे ५०. रेंज जवळपास ३० टक्क्यांनी घटली. तीच गाडी हायवेला ८०ने जाताना स्वतःला १३० घेते आणि एसीला फक्त १२-१३. इथे घट ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लोक एसी जिथे बंद करतात, तिथेच तो सर्वांत स्वस्त पडतो.

हायवेला वीज खरोखर वाचवायची असेल तर वेग कमी करा. समृद्धीवर १०० ऐवजी ८०ने गेलात तर हवेचा विरोध कमी होऊन छोट्या एसयूव्हीत किलोमीटरला ३५ ते ४० वॉट-तास वाचतात. एसी बंद करून १०० च्या वेगात जेमतेम १० वाचतात, आणि काचा खाली केल्या तर विरोध वाढून त्यातलेही काही जातात.

घाटातही तीच घाई दिसते. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना टक्के भराभर उतरतात आणि पहिला बळी एसीचा जातो. हिशोब करून बघा: माणसांसकट १७०० किलोची गाडी साधारण ५५० मीटर वर चढवायला, मोटरमधली गळती धरून, ३ युनिटच्या आसपास लागतात. त्या वीसेक मिनिटांत एसीला लागतं सुमारे पाव ते अर्धा युनिट. चढाचा खर्च एसीच्या माथी मारू नका. उतरताना रिजनमधून, म्हणजे वेग रोखताना मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते त्यातून, त्यातला बराचसा परत मिळतो.

तापमानाचा नॉब पेट्रोल गाडीसारखा फिरवणं

पेट्रोल गाडीत गरम हवा फुकट असते, कारण इंजिनाची उष्णता तशीही वाया जाते. ईव्हीत ती विजेच्या हीटरने तयार करावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक मॉडेलमध्ये हा हीटर सुरू झाला की सहज २ ते ५ किलोवॉट खातो, म्हणजे एसीपेक्षाही जास्त. निफाडकडच्या जानेवारीतल्या सकाळी बाहेर १० अंश आणि सेटिंग २५ असेल, तर एसीचा दिवा बंद असूनही बॅटरी उतरत राहते आणि कारण कळत नाही.

नुसती हवा हवी असेल तर एसीचा दिवा बंद करा आणि तापमान अगदी खालच्या टोकाला, म्हणजे ‘लो’वर न्या. मग कॉम्प्रेसरही चालत नाही आणि हीटरही. फक्त ब्लोअरचे शे-दोनशे वॉट लागतात. थंडीच वाजत असेल आणि सीट गरम करायची सोय असेल तर ती वापरा, एका सीटला ५० ते १०० वॉट पुरतात.

उन्हाळ्यात उलटी चूक होते. लवकर गार व्हावं म्हणून १६ लावतात. ऑटो मोडमध्ये तापलेल्या केबिनसाठी कॉम्प्रेसर सुरुवातीला तसाही जोरात चालतो, १६ने तो आणखी पळत नाही. फरक नंतर पडतो: २४ला तो मंदावला असता, १६ला मंदावायचं नावच घेत नाही. ब्लोअर एकवर ठेवून बचत होते हाही गैरसमज आहे. खर्च कॉम्प्रेसरचा असतो, पंख्याचा नव्हे.

तापलेली हवा आत कोंडून एसी लावणं

आधी काचा उघडून मिनिटभर गाडी चालवा, भट्टीसारखी हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा बंद करून रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) लावा. नाहीतर एसीला बाहेरची ४० अंशांची हवा पुन्हा पुन्हा गार करावी लागते. लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा घ्या, कोंदट हवेने पेंग येते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे प्लग काढण्याआधी केबिन गार करणं. निघण्याच्या १० मिनिटं आधी अ‍ॅपवरून एसी सुरू करा. १५ अँपियरच्या सॉकेटमधून मिळणारे सव्वातीन किलोवॉट तेवढा वेळ जवळपास सगळे एसीकडेच वळतात, त्यामुळे चार्जिंग थबकल्यासारखं दिसतं. तो बिघाड नाही. प्लग आधी काढला तर हाच खर्च बॅटरीतून जातो.

पावसात काचेवर वाफ धरली की गरम हवा आणि रिसर्क्युलेशन एकत्र लावू नका, श्वासातली ओल आतच फिरत राहते. बाहेरची हवा, एसी चालू, तापमान २३-२४ आणि झोत काचेवर. डिफॉगचं बटण अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर आणि हीटर दोन्ही एकदम लावतं, म्हणून काच साफ होताच ते बंद करायला विसरू नका.

गाडीतच दोष असेल तर

उन्हाळ्यात फास्ट चार्जिंग करताना एसी ढिला वाटला तर घाबरू नका. लिक्विड कूलिंगच्या गाड्यांत तोच कॉम्प्रेसर बॅटरीही थंड करतो, आणि त्या वेळी पहिला मान बॅटरीचा.

एरवी शंका असेल तर ही चाचणी करा. गाडी सावलीत उभी ठेवून २४ वर केबिन पूर्ण गार होऊ द्या. मग टक्के टिपून अर्धा तास एसी तसाच चालू ठेवा. ३० युनिटच्या बॅटरीत २ टक्क्यांच्या आसपास उतरले तर सगळं ठीक आहे. ४-५ गेले तर आधी केबिन फिल्टर काढून बघा आणि पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर धुळीने, किड्यांनी भरलाय का ते पाहा. तो हलक्या पाण्याच्या धारेने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पाती वाकतात.

तरीही फरक पडला नाही तर गॅस कमी असण्याची शक्यता असते. इथे नाक्यावरच्या एसीवाल्याकडे जाणं ही सर्वांत महागडी चूक ठरू शकते. ईव्हीच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटरची गुंडाळी तेलातच असते, म्हणून त्याला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. साध्या गाड्यांचं पीएजी तेल गॅसबरोबर आत गेलं, किंवा मशीनच्या नळीतून उरलेलं मिसळलं, तरी इन्सुलेशन कमजोर होतं. मग गाडी हाय व्होल्टेजचा इशारा दाखवून चालायचं नाकारू शकते आणि कॉम्प्रेसर बदलावा लागतो. गॅस भरायच्या आधी मशीन ईव्हीसाठी वेगळं ठेवलंय का आणि तेल कोणतं घालणार, हे दोन प्रश्न विचारा, आणि तेलाचं नाव जॉबकार्डवर लिहून घ्या.