विद्यापीठ आणि वस्ती मिळून संशोधन करताना या चुका टाळा

नागपुरात अभ्यासाच्या विषयांना तोटा नाही. भांडेवाडीचा कचरा, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, नाग नदी, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, सगळ्यांवर कोणाचा ना कोणाचा प्रबंध सुरूच असतो. हल्ली प्रकल्पाच्या अर्जात ‘लोकसहभाग’ हा शब्दही न चुकता असतो. तरीही फाइल घेतलेलं पोरगं वस्तीत शिरलं की ओट्यावर बसलेली मावशी म्हणते, ‘काहून बाप्पा, पुन्हा आले का सर्व्हेवाले?’ तिचं काही चुकत नाही. मागच्यांनी जे लिहून नेलं त्याचं पुढे काय झालं, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

माझ्या मते हा बिघाड वस्तीत होत नाही, अर्ज लिहितानाच होऊन बसतो. प्रश्न ठरला, मुदत ठरली, पैशाचे रकाने भरून झाले, आणि मग ‘भागीदार’ शोधायला निघायचं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न आपल्याच खोलीत ठरवणं

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटसारख्या भागांत पाणी घरांत शिरलं. अशा घटनेनंतर विद्यापीठाला सुचणारा विषय साधारण ‘पूरग्रस्तांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास’ असा असतो. ज्याचा फ्रीज पाण्यात तरंगला त्याचे प्रश्न वेगळे: पाणी नेमकं कोणत्या पुलापाशी अडलं, किती वेळात चढलं, पुढच्या खेपेला इशारा कोण देणार? यावरही उत्तम शोधनिबंध होतो. शिवाय त्यासाठी लागणारी सामग्री, म्हणजे भिंतींवरच्या खुणा आणि मोबाइलमधले व्हिडिओ, रहिवाशांकडेच असते.

म्हणून अर्जाच्या आधी बैठका घ्या आणि दोन गोष्टी विचारा. तुम्हाला काय कळायला हवं आहे? आणि ते कळलं तर तुम्ही काय करणार? दुसरा प्रश्न हमखास राहून जातो. उत्तर ‘महापालिकेला निवेदन देणार’ असेल तर मोजणी अधिकाऱ्यांना नाकारता येणार नाही अशी लागते. ‘विहीर वापरायची की नाही ते ठरवणार’ असेल तर अहवाल आठवड्याभरात लागतो, पीएचडी झाल्यावर नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्य-संशोधन संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं, आणि त्यातून शोधग्राम या संस्थेच्या परिसरातली झोपड्यांसारखी रचना आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरी या देवीचं नाव आलं. गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याच्या त्यांच्या कामाचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बालकांचा मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. लोकांना सोबत घेतलं की शास्त्र कच्चं राहतं, असं म्हणणाऱ्या प्राध्यापकांना मी एवढंच सांगते.

सभेत सगळे ‘हाव’ (हो) म्हणतात, नंतर कोणी येत नाही

आधी घड्याळ बघा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना दुपारी चारला सभा ठेवणाऱ्याने रिकाम्या सतरंजीचं नवल करू नये. धुणीभांडी करणाऱ्या बायकांची सवड वेगळी, पाण्याच्या टँकरची वेळ वेगळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबतीची मिरवणूक असते, दसऱ्याला इंदोऱ्याचं लक्ष दीक्षाभूमीकडे असतं. सेमिस्टरच्या वेळापत्रकाला हे दिसत नाही. (एखाद्या वर्षी सर्व्हेवाल्यांचाच बडग्या, म्हणजे त्या मिरवणुकीतला पुतळा, निघाला तर आश्चर्य नको.)

दुसरं कारण म्हणजे मधला माणूस. मंडळाचा अध्यक्ष किंवा एखादा माजी नगरसेवक एका फोनवर पन्नास माणसं गोळा करून देतो, तेव्हा हायसं वाटतं. पण मग त्याच्या विरोधातल्या गल्लीचं दार आपल्याला बंद. वस्तीत शिरताना एकच दार वापरू नका. आशाताई, बचत गट, विहारातलं महिला मंडळ, पानठेल्यावरची पोरं, सगळ्यांना वेगवेगळं भेटा.

भीती हे तिसरं कारण, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. मालकी हक्काचा पट्टा अजून हातात न पडलेल्या घराला प्रत्येक सर्व्हे अतिक्रमण विभागाचा वाटतो. माहिती कोणाला दिसेल आणि कोणाला नाही, हे पहिल्याच भेटीत लेखी द्या आणि वाचूनही दाखवा, गरज असेल तिथे हिंदीत किंवा छत्तीसगढीत.

‘हाव’ पटकन मिळालं तर मी उलट सावध होते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि त्याआधी अभ्यास गटात विषयाचा कीस पाडला जातो. तिथे वेळ लागतो, पण ठरलेलं फिरत नाही.

पैशाबद्दल शेवटी बोलणं

प्राध्यापकाला पगार, संशोधन सहायकाला फेलोशिप, आणि वस्तीतल्या ताईला चहा-बिस्किट. तिने तीन दिवस घरोघरी फिरवून आणलं म्हणून तुमचा नमुना पूर्ण झाला, तिची तीन दिवसांची मजुरी मात्र बुडाली. वेळ आणि प्रवासाचा मोबदला म्हणजे लाच नव्हे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांतही, भुरळ पडेल इतका मोठा नसेल तर असा मोबदला मान्य आहे.

खरी अडचण लेखा विभागात येते. तिथे पॅन, बँक खातं, पावती, कोटेशन मागतात आणि पैसे अडकून पडतात. यावर उपाय अर्जातच करावा लागतो. समुदाय संशोधकांचं मानधन हा स्वतंत्र रकाना ठेवा. ते थेट द्यायचं की नोंदणीकृत संस्थेमार्फत, हे वित्त अधिकाऱ्यांना आधीच विचारून त्यांच्याकडून लेखी घ्या. संस्थेमार्फत गेल्यास ती किती कापून घेणार, हे सर्वांसमोर ठरवा. भांडणं इथेच होतात.

लोकांनी मोजलं की कोणी मानत नाही

हा राग मी बऱ्याच वस्त्यांत ऐकला आहे, पण कधीकधी मोजणीतच खोट असते. विहिरीच्या पाण्यातले जंतू तपासायचे तर बाटली निर्जंतुक हवी, नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. शीतपेयाच्या बाटलीत भरून दोन दिवसांनी नेलेल्या पाण्याचा अहवाल कोणीही बाजूला सारेल. हवेच्या स्वस्त सेन्सरचंही तसंच, दमट हवेत ते धूळ जास्त दाखवतात. आधी काही दिवस अधिकृत केंद्राच्या यंत्राशेजारी ठेवून फरक लिहून घ्या. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीसाठी आपल्याकडे २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि वार्षिक ४०. एका दिवसाचा आकडा वार्षिक मानकाशी लावला की समोरचा अधिकारी तेवढंच धरून बसतो. हे शिकवणं विद्यापीठाचं काम आहे, आणि एका दिवसाच्या कार्यशाळेत ते होत नाही.

नाव लपवलं की झालं, असं समजणं

‘भाजी विकणारी, दोन मुलींची विधवा आई’ असं लिहिलं की अख्ख्या गल्लीला ती कोण हे कळतं. सिकल सेलच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आलेला वाहक स्वतः आजारी नसतो, पण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ही माहिती अर्धवट फुटली की मुलीचं लग्न मोडतं. वय, व्यवसाय, गल्ली यांतलं काही गाळा किंवा बदला, आणि अहवालाचा मसुदा वस्तीतल्याच दोघी-तिघींना वाचायला द्या. ओळख कुठे पटते ते त्या लगेच सांगतील.

मसुदा दाखवला की दुसरा पेच येतो: ‘हे छापू नका.’ दारूचे आकडे किंवा शाळा सोडलेल्या मुलांची संख्या वस्तीला बदनाम करणारी वाटते. यावर वाद होणारच, म्हणून नियम आधी ठरलेला हवा. आकडा बदलायचा नाही. मात्र तो का तसा आहे याचं वस्तीचं म्हणणं त्याच पानावर छापायचं, आणि वस्तीचं नाव द्यायचं की नाही हे वस्तीने ठरवायचं.

माणसं बदलतात तेव्हा

एमएसडब्ल्यूचा (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा) विद्यार्थी क्षेत्रकार्याला येतो, दोन वर्षांत जातो, आणि नवीन बॅच पुन्हा कुटुंबात किती माणसं इथून सुरुवात करते. जाणाऱ्याने येणाऱ्याला घरोघरी स्वतः भेटवून द्यावं. बैठकींची नोंदवही वस्तीत ठेवा, विभागाच्या कपाटात नको. प्रकल्प संपल्यावर सेन्सर तिथेच राहणार असेल तर तो कोणाच्या नावावर, वीजबिल कोण भरणार आणि बिघडल्यावर कुठे न्यायचा, हे त्याच नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.