कोकणातल्या घराचं अर्थिंग: या चुका टाळा

पाऊस लागला की फोन सुरू होतात: ‘आरसीसीबी सारखी पडते, बायपास करून देता का?’ आरसीसीबी म्हणजे करंट अर्थमध्ये गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, आणि बायपास म्हणजे तो वगळून वायर सरळ जोडणं. नाही देत. मग दुसरा कोणीतरी करून देतो.

देवगडकडच्या एका मोठ्या घरातलं सांगतो. ओटी, माजघर, दोन पडव्या, शिवाय मुंबईकरांसाठी मागे बांधलेल्या चार खोल्या. चतुर्थी तोंडावर आलेली आणि गीझर लावला की सगळं घर अंधारात. गीझर बदलला. दुसराही बदलला. काकी वैतागून म्हणाल्या, ‘पावणे येतले नि घरात काळोख, बघ बाबा काय ता!’

आधीच्या वायरमनने एकेक एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा त्या-त्या लाइनचा स्विच) पाडून पाहिली होती. तरी गीझर लावला की आरसीसीबी पडायचीच, म्हणून त्याने तीच खराब ठरवली. घरातली साधी एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडते, न्यूट्रल (परतीची वायर) जोडलेलाच राहतो. तो कुठे अर्थला टेकला असेल तर लोड नसताना सगळं गप्प असतं. दोन हजार वॉटचा गीझर लावला की परतीचा थोडा करंट अर्थवाटे निसटतो. ३० मिलिअँपिअर निसटले की आरसीसीबीने पडायचंच असतं. गीझर बिचारा निर्दोष.

मी मेन बंद केला, न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरच्या) सगळ्या वायरी सोडल्या आणि एकेक मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) अर्थशी तपासली. सातवी सापडली, मागच्या पडवीच्या दिव्याची. बॉक्समध्ये मुंग्यांनी ओली माती भरलेली आणि न्यूट्रलचा उघडा जोड अर्थच्या वायरीवर टेकलेला. शोधायला दीड तास, दुरुस्तीला पाच मिनिटं. आजकालच्या पोरांना तो दीड तासच नको असतो. काढलेले दोन्ही गीझर काकींच्या मांगरात आहेत, एकावर कोंबडी बसते.

दुसरा राग बल्बवर. फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावायचा, पेटला की ‘अर्थिंग झक्कास’ म्हणून पैसे घ्यायचे. त्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. अर्थिंग ६० ओहमचं असलं तरी तो पेटतो, मंद झालेला डोळ्याला कळतही नाही. उद्या गीझरच्या पत्र्याला फेज लागला तर ६० ओहममधून जेमतेम पावणेचार अँपिअर जाणार. १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म हलणार नाही. आरसीसीबी असली तर ती पडेल, पण बायपास केलेली असली तर पत्रा जिवंत राहील. अर्थिंगचा रोध अर्थ टेस्टरने मोजा, आणि मोजायचं ते मे महिन्यात. जुलैत जांभ्यातही चांगला आकडा मिळतो, तो पावसाचा असतो. मी ५ ओहमच्या खाली येईपर्यंत गप्प बसत नाही. अर्थिंगचा पाइप पुरलेल्या एका खड्ड्याने भागलं नाही तर थोड्या अंतरावर दुसरा घेऊन दोन्ही जोडतो.

खड्डा कुठे घ्यायचा? मालक म्हणतो, मीटरजवळ, वायर कमी लागते. तिथे बहुतेक कोरडा कातळ. मी मोरीचं पाणी जिथे केळींना जातं तिथे घेतो, बारा महिने ओल असते. मीठ फार ओतू नका; पावसात वाहून जातं आणि राहतं ते जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप खातं. मला बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) बरं वाटतं, जरा महाग पडतं.

बाकीच्या चुका पटकन. नळाच्या पाइपावर अर्थ घेऊ नका, पाइप आता प्लास्टिकचे आहेत. समुद्राजवळ क्लॅम्प, स्क्रू स्टेनलेसचेच. बाहेरच्या जोडावर नुसती टेप गुंडाळून मोकळे होऊ नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्याने अर्थिंग तपासलं जात नाही, फक्त आरसीसीबी. आणि मेन बोर्डला हात लावायचा तो परवानाधारक वायरमननेच.

एप्रिल-मे मध्ये आठवड्यातून दोनदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. आमच्याकडे ते काम आई करते, तुळशीला घातल्यावर.